सेंट जॉनला स्नॉर्केलिंगसाठी राहायला जाताय? मग या क्रमाने जा

‘स्नॉर्केलिंग ना? मालवणला केलंय आम्ही.’ (मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून, पाण्यावर आडवं तरंगत खालचं बघायचं, ते स्नॉर्केलिंग.) सेंट जॉनला निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांकडून मी हे वाक्य ऐकते. पहिल्या दिवशी ठसकत, नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर येणारेही बहुतेक हेच असतात. मालवणला बोटीवरचा दादा तुमची रिंग धरून असतो, मास्क तोच घट्ट करतो, मासेही तोच दाखवतो. सेंट जॉनला तुम्ही वाळूवरून चालत पाण्यात शिरता आणि पुढचं सगळं तुमचं तुम्ही बघायचं असतं. धरायला कोणी नाही. म्हणून तयारी घरून करून जायची आणि पाण्यात उतरायचा क्रम पाळायचा. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

सेंट जॉन हे कॅरिबियन समुद्रातल्या यू. एस. व्हर्जिन आयलंड्सपैकी एक बेट. त्याचा अर्ध्याहून जास्त भाग १९५६ सालापासून राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हणून उत्तर किनाऱ्यावर अजून झाडी आणि वाळूच दिसते. राहायच्या जागाही साध्या. सिनॅमन बे या खाडीवर झाडांखाली चौथऱ्यांवर उभारलेले तंबू आहेत आणि न्हाणीघरं सामाईक. ते नको असेल तर क्रूझ बे किंवा कोरल बे गावात चढावरच्या छोट्या खोल्या, ओटा-शेगडीसकट. स्नॉर्केलिंगसाठी जायचं असेल तर मी तंबूच सुचवेन. सकाळी डोळे उघडल्यावर दोन मिनिटांत पाण्याशी पोचता, आणि पुढे वाचाल तेव्हा कळेल की सकाळ हातातून जाऊ न देणं किती महत्त्वाचं आहे.

१. कागदपत्रं: तिकिटाआधी हे वाचा

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी हा देशांतर्गत प्रवास आहे. जाताना कोणी काही विचारत नाही, आणि तिथेच लोक फसतात. परत येताना शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी असते. ग्रीन कार्ड असेल तर कार्ड, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) असेल तर पासपोर्ट, आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांचा पासपोर्ट आय-९४ सह हाताशी हवा. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज मध्येच अडकलेला असेल, तर तिकीट काढायच्या आधी वकिलाला एकदा विचारा.

*सावधान:* समोर दिसणारं योस्ट व्हॅन डाइक बेट ब्रिटिश आहे. बोटीच्या दिवसभराच्या सहली तिकडे सर्रास जातात. ती सहल म्हणजे अमेरिकेबाहेर पाऊल, आणि परत शिरायला वैध व्हिसा लागतो. शिक्का संपला असेल तर त्या सहलीच्या वाटेलाच जाऊ नका. याच कारणाने फोनचं रोमिंगही बंद ठेवा. उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर फोन ब्रिटिश बेटांवरचा टॉवर पकडतो आणि बिल आंतरराष्ट्रीय दराने येतं.

२. मास्क: घरीच घ्या, घरीच बसवा

सगळ्या सामानात एकच वस्तू अशी आहे की ती बिघडली तर सहल बिघडते. ती म्हणजे मास्क. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, भाड्याने घ्या, चालतं. मास्क मात्र स्वतःचा हवा.

पट्टी न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमचा. घसरला किंवा कुठून हवा शिरली तर कितीही महाग असो, परत ठेवा. पट्टी घट्ट आवळून गळती थांबत नाही. उलट रबर मुडपतं आणि पाणी जास्त येतं. पहिलटकर नेमकं तेच करतात आणि संध्याकाळी कपाळावर वळ घेऊन फिरतात.

मिशीवाल्यांनी हे नीट वाचावं. माझ्या दिरांना चांगली भरघोस मिशी आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या मास्कमध्ये दर मिनिटाला पाणी भरत होतं आणि ते मास्कलाच बोल लावत होते. नाकाखाली, जिथे सिलिकॉनची कड टेकते, तिथला पेरभर पट्टा त्यांनी दुसऱ्या दिवशी कातरला, उरलेल्या केसांवर व्हॅसलीन चोपडलं आणि मग तासभर पाण्यातून बाहेरच आले नाहीत. केसांची बटही कडेखाली येऊ देऊ नका, एका बटेएवढ्या फटीतूनही पाणी झिरपतं. लांब केस असतील तर वेणी घाला आणि कपाळावर कापडी पट्टा बांधा.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो निघाला नाही तर काच धुकटतच राहते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, बोटाने आतून चोळा आणि धुवा. असं तीन-चारदा करा. मग रोज पाण्यात शिरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब किंवा थुंकी आतून फिरवून लगेच खंगाळायची. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबर असेल तर नंबराच्या काचा बसवलेला मास्क मागवा. महिनाभर आधी मागवला म्हणजे तो येऊन बसवून बघायला वेळ मिळतो.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मी कोणालाच सुचवत नाही. ठसका लागला तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते. तो मास्क पट्टे सोडवून उतरवावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेवढेच क्षण जमत नाहीत.

उरलेलं सामान थोडक्यात. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा घट्ट सदरा) आणि पायापर्यंतची लेगिंग घ्या. पाठ पाण्याबाहेर, ऊन वरून, आणि थंड पाण्यामुळे भाजतंय हे कळतही नाही. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचंच. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट किंवा ऑक्टोक्रायलिन असलेलं सनस्क्रीन या बेटांवर २०२० पासून कायद्याने बंद आहे, कारण ते प्रवाळाला बाधतं. घरातली जुनी बाटली बॅगेत टाकण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचा. आणि प्रत्येकाला, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, तोंडाने फुगवायचं स्नॉर्केल जॅकेट.

३. सराव: पोहण्याच्या तलावात किमान तीन वेळा

माझे सासरे वाईचे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, कृष्णेच्या पुरात उड्या मारलेले. सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच झाला. विहिरीत पोहणाऱ्याचं डोकं कायम पाण्यावर आणि श्वास नाकाने. स्नॉर्केलिंगला डोकं पाण्यात, श्वास तोंडाने. पन्नास वर्षांची सवय एका सकाळी सुटत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्या गावच्या तलावात चार शनिवार गेल्यावर त्यांना ते जमलं.

सरावाचा क्रम असा ठेवा:

१. कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून नुसतं तोंड पाण्यात घाला आणि दहा मिनिटं नळीतून श्वास घ्या. श्वास संथ आणि खोल. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या.
२. नळीत मुद्दाम पाणी भरू द्या आणि ‘टू’ म्हणताना येतो तसा एकच जोरकस फुंकर मारून ते उडवा. पुढचा श्वास हळू घ्या, थोडं पाणी उरलेलं असू शकतं.
३. मास्कमध्ये अर्धं पाणी येऊ द्या. वरची कड कपाळावर दाबा आणि नाकाने सोडा. खालून पाणी निघून जातं.
४. पाठीवर वळून, नळी काढून, दोन मिनिटं नुसतं तरंगा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळेच हे वगळतात.
५. शेवटी फिन्स. पाय कमरेतून हलवा, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे नको. हात वापरायचेच नाहीत.

*पडताळा:* वीस मिनिटं डोकं वर न काढता आणि कठडा न धरता राहता आलं का? नसेल जमत तर आणखी दोनदा जा. बेटावर जाऊन जमेल अशी आशा ठेवू नका.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. नळीतून श्वास घेताना छातीवर जास्त ताण येतो. पाण्यात अचानक दम लागला तर कारण शोधत बसू नका. नळी काढा, पाठीवर वळा, हात वर करून जोडीदाराला बोलवा, आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका.

४. पोचण्याचा दिवस: पाण्यात उतरायचं नाही

सेंट जॉनला विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, सामायिक टॅक्सीने बेटाच्या पूर्व टोकाला रेड हुकला जायचं, तिथून वीसेक मिनिटांची फेरी बोट क्रूझ बेला सोडते. रात्री उशिरा फेऱ्या बंद होतात, म्हणून दुपारपर्यंत उतरणारं विमान घ्या.

टॅक्सीवाल्याशी, दुकानदाराशी, कोणाशीही बोलताना आधी ‘गुड आफ्टरनून’ म्हणा, थांबा, त्यांचं उत्तर ऐका आणि मग काम सांगा. थेट ‘रेड हुकचे किती?’ विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. आपल्याकडे खेड्यात ‘राम राम’ झाल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तसंच हे.

गाडी भाड्याने घेणार असाल तर जीपच घ्या. रस्ते घाटासारखे, वळणं कोकणातल्यापेक्षा कडक. गाडी डाव्या बाजूने चालवायची, पण स्टिअरिंगही डावीकडेच. भारतात शिकलेल्यांना डावी बाजू ओळखीची वाटते आणि म्हणूनच ते गाफील राहतात. शेजारी बसणाऱ्याने पहिला दिवस समोरून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवावं.

क्रूझ बेमधूनच किराणा घ्या. भाव जास्त आहेत, सगळं बोटीने येतं. शाकाहारी असाल तर घरून पोहे, मेतकूट, ठेपले, भाजणी आणि कोरडी चटणी आणाच. पाण्यातून आलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता मेतकूट-भातासारखं दुसरं काही लागत नाही.

संध्याकाळी नुसतं वाळूवर बसून समुद्र बघा. लाट कुठे फुटते, लोक कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात. उद्या उपयोग होईल.

५. पहिलं पाणी: माहो बे, सकाळी आठच्या आत

पहिल्या दिवशी प्रवाळ बघायला जायचं नाही. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, पण हा क्रम मी कोणासाठी बदलत नाही. माहोला तळाशी वाळू आणि समुद्रगवत आहे. पाय टेकला तरी काही मोडत नाही, आणि पाणीही सहसा शांत. शिवाय ते गवत खायला हिरवी कासवं येतात, त्यामुळे कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. वाहनतळ लहान आहे आणि सकाळीच भरतो.

फिन्स वाळूवर घालून पुढे चालू नका, तोंडावर आपटाल. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन, जोडीदाराच्या खांद्याला धरून घाला. पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चला. वाळूत स्टिंगरे, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, लपलेला असतो, चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो.

मग आडवे व्हा आणि पाच मिनिटं काहीही शोधू नका. श्वास लागू द्या. खाली हिरव्या गवतात एखादा दगड हलल्यासारखा वाटेल. तेच कासव. ते मान वाकडी करून गवताचा घास तोडतं, गढूळ पाण्याचा एक छोटा ढग उठतो, मग दुसरा घास. पाठीवर कधी एखादा चिकटमासा असतो. काही मिनिटांनी ते पुढचे पाय हलवत तिरकं वर येतं, डोकं पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतं, त्याचा ‘फुस्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि पुन्हा खाली जातं. सासऱ्यांनी तो आवाज ऐकला आणि पाण्यातच माझा हात दाबून धरला.

*सावधान:* कासवाच्या मागे लागू नका, त्याच्या डोक्यावर तरंगू नका, हात तर मुळीच लावू नका. त्याला अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे. आणि मुळात त्याला वर यायला जागाच ठेवली नाही तर त्याने श्वास कुठे घ्यायचा? तीन-चार माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवून एका जागी थांबा. थांबणाऱ्याजवळ ते आपणहून येतं.

६. दुसरा दिवस: ट्रंक बे

इथे प्रवेशशुल्क आहे, प्रौढांना ५ डॉलर. खाडीतल्या छोट्या बेटाच्या कडेने पाण्याखाली पाट्या लावलेला सुमारे दोनशे मीटरचा मार्ग आहे. इथलं प्रवाळ सेंट जॉनवरचं सर्वोत्तम नाही. २०१७ च्या इर्मा वादळाने आणि नंतरच्या रोगाने बरंच नुकसान केलं. पण प्रवाळाच्या जवळ कसं वागायचं हे शिकायला याहून चांगली जागा नाही. क्रूझ जहाजांवरून आलेली गर्दी नऊ-दहानंतर सुरू होते, त्याआधी बाहेर या.

नियम एकच: काहीही टेकवायचं नाही. हात नाही, गुडघा नाही, फिन नाही. दमलात तर पाठीवर वळा. तलावात शिकलेलं चौथं पाऊल इथे कामाला येतं. उभं राहायची सवय असलेला माणूस दमला की पाय खाली टाकतो, आणि शेकडो वर्षं वाढलेलं प्रवाळ त्याच्या एका टाचेखाली तुटतं. तुम्हालाही इजा होते. मोहरीच्या रंगाचं, कडेला पांढुरकं दिसणारं अग्निप्रवाळ खाजकुयलीसारखी आग करतं, आणि कपारीतल्या काळ्या समुद्री साळिंदराचे काटे त्वचेत मोडून बसतात.

ब्रेड-बिस्किटं न्यायची नाहीत. माशांना खायला घालणं उद्यानात मना आहे.

खडकाजवळ पोचलात की कान द्या. कोणीतरी शेजारी बसून चिवडा खातंय असा कुर्रकुर्र आवाज येईल. तो पोपटमासा, खडकावरचं शेवाळ चोचीने खरवडतोय. थोडं थांबलात तर मागून बारीक वाळूचा पिसारा सोडताना दिसेल. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूतली कितीतरी अशीच तयार झालेली असते.

७. तिसऱ्या दिवसापासून: दूरच्या जागा

वॉटरलेमन के (‘के’ म्हणजे छोटं बेट) ही माझी सगळ्यात आवडती जागा, आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात तीही इथेच. ॲनाबर्गच्या वाहनतळापासून लेन्स्टर बेच्या कडेने मैलभर चालायचं, मग समोरच्या छोट्या बेटापर्यंत पोहायचं. वाटेत गवतात जाड, नारिंगी तारामासे. बेटाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह असतो, कधी कधी जोराचा. मी एकदा नवख्या मंडळींना दुसऱ्याच दिवशी तिथे घेऊन गेले. अर्ध्या वाटेत माझ्या वहिनीच्या पोटरीत गोळा आला. जॅकेट फुगवून, तिला पाठीवर ओढत आणावं लागलं. चूक माझी होती, तेव्हापासून तिसऱ्या दिवसाआधी कोणालाही नेत नाही.

*पडताळा:* बेटाला वळसा घालताना खालच्या एखाद्या खडकाकडे बघा आणि दहा वेळा पाय मारा. खडक मागे गेला नाही तर तिथूनच फिरा.

हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, उत्तर अटलांटिकातल्या वादळांच्या लाटा उत्तर किनाऱ्यावर येऊन फुटतात. वारा नसतो, आकाश निळं असतं, आणि तरीही ट्रंक बे खवळलेला असतो. राष्ट्रीय हवामान सेवेच्या सॅन हुआन कार्यालयाचा सागरी अंदाज आदल्या रात्री बघा. उत्तरेला लाटा असतील तर दक्षिणेकडच्या सॉल्ट पाँड बेला जा. थोडं उतरून जावं लागतं, सावली नाही, पाणी भरपूर न्या. किनाऱ्यावर लाट फुटताना दिसली तर त्या दिवशी तिथे उतरायचं नाही, कितीही लांबून आला असाल तरी.

८. तंबूतले दिवस

बेटावर पाणी पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग नळ. दुष्काळी भागात वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. दिवेलागणीला आणि पहाटे चिलटं फोडून काढतात, तेव्हा लांब कपडे घाला. अंगाला लावायचं औषध पोहून आल्यावर लावा, पोहण्याआधी नको.

*सावधान:* किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, गोडसर वास. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. पावसात त्याच्याखाली आडोशाला उभं राहिलं तर पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. काही झाडांवर खुणा किंवा पाट्या असतात, पण सगळ्यांवर नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

९. परतीची तयारी

शिंपले, प्रवाळाचा तुकडा, बाटलीत भरलेली वाळू, काहीही उचलून आणू नका. उद्यानातून नेणं गुन्हा आहे. सेंट थॉमसला सामानाची शेतीविषयक तपासणीही होते, ताजी फळं-भाज्या संपवूनच निघा. फेरी, टॅक्सी आणि रांग धरून विमानाच्या किमान पाच तास आधी क्रूझ बे सोडा. दुपारी विमानं एकामागोमाग सुटतात आणि इमिग्रेशनची रांग दाराबाहेर जाते.

शेवटचं पोहणं आदल्या दिवशी सकाळी उरका. मास्क, नळी, फिन्स गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या बेटावर जाणार असाल तर हे नक्कीच करा, कारण प्रवाळाचा रोग ओल्या सामानातूनही पसरू शकतो. मास्कची पट्टी सैल करून तो त्याच्या कडक डबीत ठेवा. कपड्यांखाली दाबून आणला तर सिलिकॉनची कड वाकडी होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाकाखालून पाणी येतं.